जुन्या घाटाची नवी पायपेटी

पुस्तकांची परीक्षणे छापून येतात, नाटकांची येतात, अलीकडे मालिकांचीही येऊ लागली आहेत. वाद्याचे परीक्षण मात्र आपल्याकडे सहसा कोणी लिहीत नाही. वादकाविषयी लिहिले जाते; त्याच्या गुरूविषयी, घराण्याविषयी, मिळालेल्या मानपत्रांविषयी पानेच्या पाने लिहिली जातात. पण ज्या वस्तूवर त्याची बोटे आयुष्यभर फिरली ती कोणत्या लाकडाची होती, पावसाळ्यात ती कशी वागत असे, तिचा भाता किती वेळा बदलला, याची नोंद क्वचितच सापडते.

गिटारवाल्यांचे तसे नाही. आमच्या हरमलच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत येऊन राहणारे परदेशी पाहुणे गिटारविषयी ज्या बारकाईने बोलतात, त्या बारकाईने आमच्याकडे पूर्वी फक्त बैलांविषयी बोलले जाई. १९५१ ची टेलिकास्टर, १९५२ ची लेस पॉल, १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर ही नावे ते देवादिकांच्या अवतारांसारखी घेतात. गंमत अशी की त्या घाटाच्या नव्या गिटारी आजही बनतात आणि भरपूर खपतात. काहींचा तर रंग कारखान्यातच खरवडून काढलेला असतो, पितळ मुद्दाम काळे पाडलेले असते. नवी वस्तू जुनी दिसावी यासाठी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते. मात्र त्या लोकांची तपासणीची पद्धत सरळ आहे. आवाज कसा, बांधणी कशी आणि हाताला कशी लागते, हे तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरे आडपडदा न ठेवता लिहायची. ही पद्धत मला मान्य आहे. तीच मी इथे एका पायपेटीला लावणार आहे.

पेटी आमच्या गावच्या देवस्थानाची. गाव पेडणे महालातले. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण या विषयावर महाजनांची सभा अजून व्हायची आहे. देवळात एक जुनी पायपेटी आहे. माझ्या वडिलांच्या तरुणपणी ती आली, म्हणजे तिची सत्तरी कधीच उलटली. सूर जर्मन छापाचे, खोके सागवानी. पण खोक्याच्या तळाला वाळवी लागली आहे आणि भात्याला इतकी ठिगळे आहेत की मूळ कापड कोणते ते सांगता येऊ नये. गेल्या वर्षी मुंबईला असणाऱ्या एका भक्ताने नवी पेटी करून दिली. अट एकच घातली होती : हुबेहूब जुनीसारखी हवी. गोव्याबाहेरच्या एका कारागिराकडून ती करून आणली. एका चांगल्या की-बोर्डच्या तिप्पट पैसे पडले. कार्तिकात आली, त्या मोसमातल्या जत्रांना, पुढे शिमग्यात, चतुर्थीच्या भजनांना मी ती वाजवली. आता प्रश्न असा उभा राहिला आहे की किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचा माणूस जुनी पेटी विकत मागायला दोनदा येऊन गेला. त्याला ती दर्शनी दालनात, पितळी समईच्या शेजारी ठेवायची आहे. भाव बरा देतो आहे. नवी पेटी सर्व अर्थांनी जुनीची जागा घेत असेल तर जुनी द्यायला हरकत नाही, असे निम्म्या महाजनांचे म्हणणे. आणि ती जागा घेते की नाही ते मास्तरांनी सांगावे, असे सर्वांचे.

पायपेटी म्हणजे काय हे नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगायला हवे. नेहमीच्या पेटीचा भाता एका हाताने हलवावा लागतो, म्हणून वाजवायला एकच हात उरतो. पायपेटी घडीच्या पायांवर उभी राहते, भाता पायाने चालतो, दोन्ही हात मोकळे. मिटली की ट्रंकेसारखी दिसते, दोघांनी उचलून टेंपोत टाकावी. मूळ युरोपातली हार्मोनियम पायानेच चालत असे. १८४२ मध्ये पॅरिसच्या आलेक्सांद्र दबें याने तिचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी आपल्या जमिनीवर बसून गाणाऱ्या लोकांसाठी हाताच्या भात्याची पेटी प्रचारात आणली. म्हणजे खुर्चीवर बसून वाजवायची पायपेटी हे मूळचे रूप आणि मांडीसमोरची पेटी हा आपला संस्कार. तिची एक थोरली बहीणही मराठी रंगभूमीवर नांदली, ती म्हणजे ऑर्गन. दिसायला सारखी, पण आतला व्यवहार उलटा. पेटी हवा सुरांतून बाहेर ढकलते. अमेरिकन घाटाचा ऑर्गन ती आत ओढून घेतो. त्यामुळे ऑर्गनचा स्वर गोल आणि मऊ, पेटीचा थोडा धारदार. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा तिच्या भागीदारांत गोविंदराव टेंबे होते, आणि टेंब्यांनी पेटीला साथीच्या वाद्यापलीकडची प्रतिष्ठा मिळवून दिली. संगीत नाटकाने ऑर्गन पोसला. दशावताराला मात्र गावोगाव रात्री-बेरात्री हिंडायचे असे. त्याने पायपेटी उचलली.

आमच्या महालाचा या वाद्याशी आणखी एक धागा आहे, निदान आडनावांपुरता. पी. मधुकर म्हणून जे विख्यात पेटीवादक झाले ते मधुकर पेडणेकर. बेळगावला ज्यांनी पेटीची परंपरा रुजवली ते विठ्ठलराव कोरगावकर. पेडणे आणि कोरगाव ही दोन्ही गावे आमच्याकडची. कोणाचे पूर्वज कधी कुठून निघाले या वादात मी शिरत नाही. आडनावाचा अभिमान बाळगायला तेवढे पुरेसे आहे. पी. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर हे फोंडा महालातल्या बोरीचे. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. पेटीतून गाण्याचे शब्द ऐकू येतात असे लोक त्यांच्याविषयी म्हणत. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

आता नव्या पेटीकडे येऊ. आधी बांधणी, कारण ती डोळ्यांना दिसते आणि तिच्याविषयी चांगले बोलता येते.

खोके उत्तम आहे. सागवान जुने, मुरलेले. कोपऱ्यांचे सांधे खाचेत खाच बसवून केलेले, नुसते खिळे ठोकून मोकळे झालेले नाहीत. झाकणाची जाळी जुन्या पेटीवरून कागदावर उतरवून घेतली होती; तीत वेलबुट्टीचे एक पान जुन्या पेटीत तुटलेले आहे, ते या भल्या माणसाने नव्यातही तुटके कोरले आहे. हुबेहूब म्हणजे हुबेहूब! पॉलिश मात्र लाखेचे नाही, चकचकीत लेप आहे. तो डोळ्यात भरतो, पण त्यावर ओरखडा पडला की घरच्या घरी बुजवता येत नाही.

तक्रार सुरू होते ती स्क्रूंपासून. जुन्या पेटीत सगळे पितळी स्क्रू आहेत. नव्या पेटीत दर्शनी भागात पितळी आणि आत लोखंडी. पेडण्याच्या हवेला हे कळत नाही असे कारागिराला वाटले असावे. तेरेखोलपासून मोरजीपर्यंत खारे वारे वर्षभर वाहतात. सहा महिन्यांत आतले स्क्रू तांबडे झाले. गंजलेला स्क्रू पुढच्या दुरुस्तीला पिळत नाही, मग तो उपटावा लागतो आणि लाकूड फुटते. भात्याच्या घड्या कापडाच्या, पण कोपऱ्यांना चामड्याऐवजी रेक्झिन. ते आताच चिरू लागले आहे. चामडे महाग झाले, हे खरे. परंतु भाता हा पेटीचा ऊर आहे, त्यात काटकसर कशी चालेल?

आणि पट्ट्या. कोरड्या मुलखातल्या कारागिराने पट्टी आणि पट्टीतले अंतर इतके नेमके राखले आहे की मार्गशीर्षात ती पाहून समाधान वाटले. आषाढात लाकूड फुगले आणि बेचाळीसपैकी पाच पट्ट्या दाबल्या की दबूनच राहू लागल्या. एकादशीच्या भजनात मध्य सप्तकातला पंचम जो चिकटला तो 'रूप पाहता' पासून आरतीपर्यंत तंबोऱ्यासारखा वाजत राहिला. कोकणात वाद्य करणाऱ्याने ही फट थोडी सैल ठेवायची असते. सैल पट्टी उन्हाळ्यात थोडी खुळखुळते, पण पावसाळ्यात धोका देत नाही. जुन्या पेटीच्या पट्ट्या वर्षभर खुळखुळतात आणि त्याबद्दल मी आजवर कुरकुरत आलो नाही. पूर्वी आम्ही पावसाळ्यात पेटीच्या कपाटात चाळीसचा दिवा लावून ठेवत असू. त्या उबेने लाकूड कोरडे राही. आता घरोघर आणि देवळांतही नवे दिवे आले. ते वीज वाचवतात, पण ऊब देत नाहीत. पिवळ्या काचेचा जुना दिवा मिळवायला मला म्हापशाला तीन दुकाने फिरावी लागली.

वजनाविषयी एक शब्द. भक्तमंडळी उदार असतात तेव्हा वस्तूत सगळ्या सोयी हव्यात असे त्यांना वाटते. हुबेहूब जुनीसारखी म्हणताना या पेटीत कपलर आणि स्केलचेंजर घालायला सांगितले गेले. कपलरने एक पट्टी दाबली की सप्तकावरची जोडीदार आपोआप दबते. स्केलचेंजरने पट्ट्यांचा सबंध ताफा डावी-उजवीकडे सरकवून गायकाच्या पट्टीशी जुळवून घेता येतो. दोन्ही सोयी मैफलीच्या पेटीत शोभतात. पण पायपेटी ही वाहून न्यायची वस्तू आहे. जुनी पेटी दोन पोरे हसत उचलत. नवीला तिघे लागतात आणि कोणी हसत नाही. शिवाय टेंपोच्या धक्क्यांनी स्केलचेंजरची सरकपट्टी जागेवरून किंचित हलते. मग एका पट्टीखाली दोन झडपा अर्धवट उघडतात आणि दोन स्वर एकमेकांवर गुरगुरतात.

हे सर्व दुरुस्त होण्यासारखे आहे. आवाजाचे तसे नाही, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

पेटीचा सूर म्हणजे पितळी पट्टीच्या खाचेवर एका टोकाला घट्ट बसवलेली पितळी जीभ. हवेचा झोत आला की ती थरथरते. जिभेच्या टोकाकडून किंचित धातू खरवडला की स्वर चढतो, मुळाकडून खरवडला की उतरतो. हा सगळा खेळ केसाच्या जाडीइतका असतो आणि एकदा काढलेला धातू परत लावता येत नाही. आपल्या बहुतेक नव्या पेट्यांचे सूर गुजरातेत पालिताण्याला बनतात. त्यांत उत्तम सूरही आहेत. सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. आमच्या पेटीत पडलेले मात्र जाड जिभेचे आहेत, आणि त्यांच्यावर कानशीचे इतके ओरखडे आहेत की कोणीतरी घाईने चढवले, मग उतरवले, मग पुन्हा चढवले असावे.

जाड जिभेचा गुण असा की आवाज मोठा येतो. खर्जाची आणि नराची अशी सुरांची दोन्ही दले मोकळी सोडली, तर ही पेटी पखवाज आणि झांजांच्या गर्दीतून सभामंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचते. चतुर्थीत घरोघरी भजने झाली तेव्हा सर्वांनी तिची स्तुतीच केली. कला अकादमीच्या भजनस्पर्धेत आमच्या मुलांनी हीच पेटी न्यावी असेही कोणी सुचवले. भजनासाठी म्हणाल तर मी या पेटीला पैकीच्या पैकी नाही, पण बऱ्यापैकी गुण देईन. भजनात चाल ठरलेली असते, पट्टी ठरलेली असते, आवाज एका पातळीवर राहतो. तिथे ताकद हाच गुण.

पण पायपेटी भजनासाठी नसते. ती दशावतारासाठी असते.

ज्यांनी दशावतार फक्त महोत्सवाच्या रंगमंचावर तासाभराच्या अवतारात पाहिला आहे त्यांना हा फरक लगेच कळणार नाही. जत्रेच्या रात्री, आडदशावतार संपून आख्यान उभे राहते तेव्हा पेटीवाल्याच्या हातात संहिता नसते, कारण संहिता कोणाच्याच हातात नसते. कथा ठाऊक, प्रवेशांचा क्रम ठाऊक. संवाद त्या त्या वेळी सुचतील तसे. राजा बाकड्यावर बसून प्रधानाशी बोलत असतो, बोलता बोलता आवाज चढतो आणि कोणतीही सूचना न देता तो पद उचलतो. कोणत्या पट्टीत? त्या क्षणी घशात असेल त्या. पेटीवाल्याला एका मात्रेत ती पकडायची असते. पद संपते, पुन्हा संवाद. त्या संवादाखाली पेटीने हलकेच काहीतरी बोलत राहायचे असते. राणी रडते तेव्हा एक लांब कोमल स्वर, संकासुर आला की दोन टवाळ खटके. पेटी इथे गाण्याची साथ करत नाही, बोलण्याची साथ करते. त्यासाठी सूर असा हवा की पाय नुसता टेकवला, भात्यात श्वासभर हवा आली, की लगेच उमटला पाहिजे.

मी एक साधी परीक्षा घेतो. भाता जवळजवळ रिकामा ठेवायचा, पाय अगदी हलका, आणि खर्जापासून एकेक पट्टी दाबत वर जायचे. जुन्या पेटीत सर्वांत खालचे दोन सूर सोडले तर बाकी सगळे तेवढ्याच हवेवर जागे होतात. नव्या पेटीत खालच्या दीड सप्तकातले सूर आधी नुसतीच हवा सोडतात, मग घसा खाकरल्यासारखे करतात आणि मग उमटतात. उशीर किती? घड्याळाने मोजण्यासारखा नाही. पण तेवढ्या वेळात राजाचा पुढचा शब्द उच्चारून झालेला असतो. जोर लावून पाय मारला तर सूर वेळेवर येतो, मात्र मग तो इतका मोठा येतो की संवाद बुडतो.

मार्गशीर्षातल्या एका जत्रेत आख्यान आटोपल्यावर पहाटे चहाला बसलो असता, चाळीस वर्षे स्त्रीपार्ट केलेल्या एका वृद्ध नटाने माझ्याकडे न बघताच म्हटले, "मास्तर, पेटी बरी गाता. पूण उलयना." गाते बरी, पण बोलत नाही. मी अडीच हजार शब्दांत जे लिहितो आहे ते त्याने पाच शब्दांत सांगून बशीतला चहा प्यायला.

या ठिकाणी कोणी म्हणेल, पेटीच्या दोषांत खरा दोष तर वेगळाच आहे. आपल्या संगीताला ती मुळातच मानवत नाही. हा वाद जुना आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे बरे नव्हे. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग कल्पिले तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गांधार सुमारे ३८६ व्या भागावर येतो आणि पेटीचा ४०० व्या. चौदा भागांचा हा चढेपणा तयार कानाला टोचतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी शंभरेक वर्षांपूर्वी श्रुतींची पेटी बनवण्याचा खटाटोप केला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींवर बराच वाद झडला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दारच बंद केले, ते १९७१ पर्यंत पुरते उघडले नाही. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. या सर्वांच्या तळमळीविषयी मला आदर आहे. तरीही दशावताराच्या पेटीला हा दोष मी पहिल्या क्रमांकाचा मानत नाही. रात्रभर संवाद म्हणून घसा फुटलेला नट पेटीच्या गांधाराशी चौदा भागांचा हिशेब करत बसत नाही. त्याला सोबत हवी असते, आणि ती वेळेवर हवी असते.

मग की-बोर्डच का नको, असा सभेतला दुसरा प्रश्न आहे. तरुण मंडळी तो विचारतात आणि त्यांना गप्प करणे मला पसंत नाही. की-बोर्ड बेसूर होत नाही, बटण दाबले की पट्टी बदलते, एका हाताने उचलता येतो. त्याचा स्वर क्षणार्धात उमटतो; 'उलयना' हा आरोप त्याच्यावर करता येणार नाही. शिवाय आमच्या मुलांना तो येतो. मी अनेक नाट्यप्रयोगांत तो ऐकला आहे आणि काही ठिकाणी मनापासून दादही दिली आहे. पण त्याचा स्वर दाबला तसाच, त्याच जाडीने राहतो. पेटीत पायाखालची हवा कमीजास्त करून स्वर फुगवता येतो, विरवता येतो. रडणाऱ्या राणीखाली ती विरघळणारी हवाच लागते. आणि एक व्यवहाराची गोष्ट. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, तीही सरकारने दिली तर. दशावतार उभा राहतो तोच मुळी दहानंतर. ज्या रात्री कर्णे बंद करावे लागतात त्या रात्री की-बोर्डच्या पोटातल्या वाटीएवढ्या स्पीकरचा आवाज पखवाजापुढे डासाच्या गुणगुणण्याइतका उरतो. पायपेटी ध्वनिक्षेपक नव्हता त्या काळासाठी घडलेली आहे. तो काळ कायद्याने रात्री दहानंतर परत येतो, हा योगायोग मला फार आवडतो.

राहिला तिसरा निकष, हाताला आणि पायाला कशी. पट्ट्यांची खोली योग्य आहे, कमानी एकसारख्या ताणाच्या आहेत, बोट घसरत नाही. वर चिकटवलेले प्लॅस्टिक थोडे जाड असल्यामुळे पट्टीच्या कडेवर बोटाला ठेच लागते. एखाद्या दिवसाच्या घासकामाने ती जाईल. पायट्याचा उतार मात्र चुकला आहे. जुन्या पेटीत टाच जमिनीवर टेकून नुसत्या चवड्याने पायटा चालतो, म्हणून पहाटेपर्यंत दम टिकतो. नव्यात पायटा दोन बोटे उंच बसवला आहे, सबंध पाय उचलावा लागतो. आख्यान मध्यावर येईतो पोटरी भरून येते. वय माझे, हे मान्य. पण पंचविशीतल्या मुलाला बसवून पाहिले, त्यानेही दोन तासांनी पाय बदलला. उभ्या पायांच्या घडीची बिजागरीही ढिली आहे. आवेशात वाजवताना पेटी आपणहून दोन इंच पुढे सरकते, जणू तिलाच राजाचे ऐकायचे आहे.

तेव्हा महाजनांना माझे उत्तर असे. नवी पेटी सुबक आहे, प्रामाणिक लाकडाची आहे, दात्याच्या नावाला शोभणारी आहे आणि भजनाला चालेल. जुनीची जागा ती घेत नाही. कारागिराने जुन्या पेटीचे जे जे दिसते ते उचलले, अगदी तुटक्या पानापर्यंत. जे दिसत नाही, म्हणजे जिभेची जाडी, पट्टीतली फट, पायट्याचा उतार, ते उचलण्यासाठी ती पेटी एक रात्रभर वाजवून पाहायला हवी होती. तशी अट आपल्याकडून कोणी घातली नव्हती.

मात्र जुनी पेटी जशी आहे तशी ठेवा असेही मी म्हणत नाही. वाळवी लागलेले खोके आणखी दोन पावसाळे काढील की नाही याची शंका आहे. देवाच्या वस्तू विकू नयेत असे म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही, पण कपाटात ठेवून कुजवणे हे विकण्यापेक्षा पुण्याचे कसे, तेही मला कळत नाही. सातार्ड्याच्या पुलापलीकडे, सिंधुदुर्गाच्या हद्दीत, पेट्या दुरुस्त करणारा एक जुना जाणकार आहे. त्याला बोलावून दोन्ही पेट्या उघडून दाखवल्या. जर्मन सूर त्याने एकेक करून तोंडाने फुंकून पाहिले. एकूण अठ्ठ्याहत्तरांपैकी चार गेलेले, बाकी ठणठणीत. हे सूर काढून नव्या खोक्यात बसवायचे, हा त्याचाही विचार आणि माझाही. अडचण अशी की जुनी पेटी एकोणचाळीस पट्ट्यांची, नवी बेचाळीसची, आणि दोघींच्या सुरांच्या खाचा वेगळ्या मापाच्या. नवी फळी पाडावी लागेल. टोकाच्या तीन पट्ट्यांना नव्यातलेच सूर ठेवून जिभा पातळ कराव्या लागतील. कपलर, स्केलचेंजर काढून टाकायचे, त्याने वजन उतरेल. पायटा खाली घ्यायचा, भात्याचे कोपरे चामड्याचे करायचे, आतले स्क्रू पितळी. खर्च होईल, पण हॉटेलवाला देतो आहे त्या रकमेत भागण्यासारखा आहे. हॉटेलवाल्याला सूर नकोच आहेत. त्याला जाळी, पितळी कड्या आणि जुनेपणा हवा आहे; तो सगळा खोक्यात आहे. खोके त्याला द्यावे. वाळवीचे त्याला आधी सांगावे म्हणजे झाले.

जाणकाराने एक अट घातली आहे. त्याची नजर आता बारीक कामाला पुरत नाही. कानशीचे काम करायला एक पोरगा बरोबर हवा. भजनी मंडळातली मुले वाजवायला तयार आहेत, खरवडायला नाहीत. तयार झाला तो हरमलचा एकजण. मोसमात तो किनाऱ्यावरच्या हॉटेलांत इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. गिटारही जुन्या घाटाचीच आहे, नवी घेतलेली. तिच्या तारांखालच्या धातूच्या पट्ट्या त्याने स्वतः घासून समतल केल्या आहेत, मी त्या पाहिल्या. त्याला पेटीतले काही येत नाही. काळी दोन कुठे आणि पांढरी चार कुठे ते त्याला दाखवावे लागले. पण जर्मन सुराची जीभ नखाने उचलून, कानाशी धरून सोडताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे.

लाकूड कोरडे पडेपर्यंत फळीला हात लावू नये असे जाणकार सांगतो. म्हणजे काम कार्तिकात लागेल. मार्गशीर्षात जत्रा सुरू होतात. महाजनांनी सभा त्याआधी घ्यावी.